उमेदवाराची प्रतिमा आणि समर्थकांचे आचरण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



निवडणुकीतील जयापजयाची चिकित्सा करताना पैसा, जातींची गणिते, वृत्तपत्रांचा पक्षपात, मतविभागणी या कारणांची नोंद हटकून होते. उमेदवारासाठी राबणाऱ्या माणसांचे वर्तन हे कारण मात्र पक्षाच्या अहवालांत क्वचितच आढळते. अहवाल लिहिणारे आणि प्रचारात राबणारे बहुधा एकच असतात, हे त्यामागचे साधे कारण आहे. म्हणून या विषयाचा विचार निवडणूक समोर नसताना, शांत चित्ताने व्हावयास हवा.

‘प्रतिमा’ हा शब्द समाजवादी कार्यकर्त्याला फारसा रुचत नाही. जाहिरातदार ज्या रीतीने साबण खपवितात त्याच रीतीने पुढारी खपवू लागले, तेव्हापासून या शब्दाला बाजारी वास लागला, हे खरेच आहे. परंतु मतदाराने उमेदवाराविषयी मनाशी केलेले अनुमान एवढाच त्या शब्दाचा अर्थ घेतला, तर त्याच्याकडे पाठ फिरविणे परवडणारे नाही. अनुमान मतदार करणारच. प्रश्न एवढाच की, ते तो कशाच्या आधारे करतो.

अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली लोकशाहीच्या आर्थिक सिद्धान्तावरील आपल्या ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. माहिती मिळविण्यासाठी वेळ आणि श्रम खर्चावे लागतात. उलट एका मताने निकाल फिरण्याचा संभव अत्यल्प असतो. तेव्हा जाहीरनामे वाचून, भाषणे तोलून निर्णय घेण्याचा खटाटोप सामान्य मतदार करीत नाही. हाताशी असलेल्या खुणांवरून तो अंदाज बांधतो. यात त्याचा अडाणीपणा नसून व्यवहारी हिशेब आहे. भारतातील परिस्थिती पाहा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे ९७ कोटी नोंदणीकृत मतदार आणि ५४३ मतदारसंघ होते; म्हणजे एका मतदारसंघात सरासरी सतरा-अठरा लाख मतदार. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यापासून प्रचार थांबेपर्यंत हाती राहतात जेमतेम दोन आठवडे. उमेदवाराने रोज एक हजार मतदारांना प्रत्यक्ष गाठले, तरी चौदा दिवसांत चौदा हजार होतात. शेकडा एक हे प्रमाणही त्यातून साधत नाही. उरलेल्या नव्व्याण्णवांच्या दारात जो येतो तो उमेदवार नसतो. त्याचा बिल्ला लावलेला, त्याचा झेंडा घेतलेला समर्थक असतो.

शितावरून भाताची परीक्षा ही आपल्याकडील जुनी रीत आहे. संख्याशास्त्रज्ञ नमुना निवडताना तो यदृच्छया निवडला जाईल याची दक्षता घेतो. मतदाराला ती सोय नसते. जो मोठ्याने ओरडतो, ज्याची गाडी दारासमोर आडवी लागते, जो मध्यरात्री फटाके उडवितो, तो सर्वांत आधी दिसतो. शंभरांतील नव्व्याण्णव कार्यकर्ते विनयशील असले आणि एक उर्मट असला, तरी नमुना म्हणून हाती येण्याची शक्यता त्या एकाचीच अधिक.

याला दुसरी बाजूही आहे. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडणाऱ्या मालकाचा शुद्धीकरणाचा खर्च वाचतो. तो खर्च काठावरच्या खालच्या गावांच्या माथी बसतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. समर्थकाच्या अविवेकाचे अर्थशास्त्र नेमके असेच आहे. प्रतिपक्षाची सभा उधळणाऱ्याला त्याच रात्री मित्रमंडळींची शाबासकी मिळते. त्या कृत्याची किंमत मात्र उमेदवाराच्या खाती मांडली जाते, आणि मतमोजणी होईपर्यंत तिचा आकडा कोणाला दिसत नाही. लाभ ज्याचा त्याला आणि ताबडतोब, तोटा सर्वांचा आणि उशिरा, अशी ही रचना असल्यामुळे नुसत्या उपदेशाने ती बदलत नाही.

समर्थक जाणीवपूर्वक वागले तर काय घडू शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या न्यू हँपशायर राज्यात १९६८ साली घडले. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे सिनेटर युजीन मॅकार्थी यांनी स्वपक्षाचेच अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी आव्हान दिले होते. त्यांच्यासाठी धावून आलेले बहुसंख्य स्वयंसेवक महाविद्यालयीन विद्यार्थी होते. लांब केस आणि दाढी ही त्या पिढीच्या बंडाची निशाणी. तर न्यू हँपशायर हे जुन्या वळणाच्या माणसांचे छोटे राज्य. शेकडो विद्यार्थ्यांनी केस कापले, दाढ्या उतरविल्या, साधे नीटनेटके कपडे घातले आणि बर्फातून घरोघर जाऊन ते मतदारांशी बोलले. त्यांनी युद्धविरोधाचा एक शब्दही मागे घेतला नाही. सोडले ते फक्त मतदाराला ऐकू येण्यात जे आड येत होते तेवढेच. १२ मार्चच्या मतदानात मॅकार्थींना सुमारे ४२ टक्के, तर जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के मते पडली. जॉन्सन यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नव्हते, त्यांच्या पाठीराख्यांनी ते हाताने लिहिले, हे खरे. आणि व्हिएतनाममधील जानेवारीच्या मोठ्या हल्ल्याने जनमत आधीच हलले होते, हेही खरे. तरीही पदावरील अध्यक्षाविरुद्ध एवढी मते पडणे हा धक्का होता. ३१ मार्च रोजी जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले.

याच्या उलट अनुभव शेजारधर्म आणि सुजाण राजकारण यांविषयी ख्याती असलेल्या मिनेसोटा राज्याचा. तो अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. कारण तेथे चुकलेली माणसे गुंड नव्हती, शोकाकुल होती. सिनेटर पॉल वेलस्टोन हे अमेरिकन सिनेटमधील डाव्या विचारांचे आवाज. ऑक्टोबर २००२ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, इराकविरुद्ध युद्धाचे अधिकार देणाऱ्या ठरावाला त्यांनी विरोधी मत दिले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला विमान अपघातात त्यांचा, पत्नीचा, कन्येचा आणि सहकाऱ्यांचा अंत झाला. मतदानाला अवघे अकरा दिवस उरले होते. पक्षाने त्यांच्या जागी माजी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल यांना उभे करण्याचे ठरविले. साऱ्या राज्याची सहानुभूती त्या बाजूला होती.

२९ ऑक्टोबरला मिनिआपोलिस येथे श्रद्धांजली सभा झाली. हजारोंचा समुदाय लोटला होता आणि दूरचित्रवाणीवरून सभा थेट दाखविली जात होती. प्रतिस्पर्धी रिपब्लिकन पक्षाचे नेते ट्रेंट लॉट श्रद्धांजलीसाठी आले, तेव्हा समुदायातील काहींनी त्यांची हुर्यो उडविली. पुढे दिवंगत नेत्याच्या एका निकटच्या मित्राने भावनेच्या भरात सभेचे रूपांतर प्रचारसभेत केले आणि उपस्थित विरोधी नेत्यांनाही ही निवडणूक जिंकून देण्याचे आवाहन केले. राज्याचे गव्हर्नर जेसी व्हेंच्युरा सभेतून उठून गेले. दुसऱ्या दिवशी वेलस्टोन यांच्या प्रचारप्रमुखांनी दिलगिरी व्यक्त केली; परंतु जे लाखोंनी घरात बसून पाहिले होते ते पुसता आले नाही. ५ नोव्हेंबरला मॉन्डेल सुमारे ५० हजार मतांनी, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपासच्या फरकाने हरले. हा पराभव त्या एका सभेमुळेच झाला असे सिद्ध करता येणार नाही. पण ज्या मतदाराचा निर्णय व्हावयाचा होता, त्याच्यासमोर दुःखात सहभागी होऊ पाहणाऱ्या पाहुण्याचा अपमान आला, एवढे निश्चित. हुर्यो करणाऱ्यांची निष्ठा संशयातीत होती. आपली निष्ठा शुद्ध आहे म्हणजे आपले वर्तनही योग्यच आहे, ही समजूत तत्त्वनिष्ठ पक्षांच्या कार्यकर्त्यांत विशेष आढळते. म्हणून तिच्यापासून त्यांनीच अधिक जपले पाहिजे.

मॉन्डेल यांना सावरण्यासाठी पुरेसा अवधी मिळाला नाही. पण उमेदवार समक्ष हजर असेल आणि तरीही गप्प बसेल तर? १८८४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन यांच्या पाठिंब्यासाठी न्यूयॉर्कमध्ये प्रोटेस्टंट धर्मोपदेशक जमले. त्यांचे प्रवक्ते बर्चर्ड यांनी प्रतिपक्षाची कुळी दारू, रोमचा धर्म आणि बंडखोरी यांत आहे, अशी मुक्ताफळे उधळली. ब्लेन समोरच होते. त्यांनी तत्क्षणी निषेध केला नाही. प्रतिपक्षाच्या माणसांनी ते वाक्य टिपून घेतले आणि आयरिश कॅथलिक वस्त्यांत त्याची पत्रके वाटली. ब्लेन यांची स्वतःची आई कॅथलिक होती. पण तोवर त्याचा उपयोग राहिला नव्हता. अकरा लाखांहून अधिक मते पडलेल्या न्यूयॉर्क राज्यात ते सुमारे अकराशे मतांनी हरले आणि त्या राज्याबरोबर अध्यक्षपदही गेले.

मौनं संमतिलक्षणम् हे वचन भारतातील निवडणूक कायद्यालाही परके नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार उमेदवाराच्या संमतीने अन्य कोणी भ्रष्टाचरण केले तरी निवडणूक रद्द होऊ शकते. मुंबईतील विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात १९८७ साली झालेल्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारसभांत पक्षप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांत धर्माच्या नावावर मते मागितल्याच्या कारणावरून, प्रभाकर कुंटे यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ साली ती निवड रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी तो निर्णय कायम केला. पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला. आपल्या व्यासपीठावरून बोलले जाते त्याचे उत्तरदायित्व आपलेही आहे, हा धडा कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराने घ्यावा असा आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्तही आहे. शोषितांचा संताप सभ्यतेच्या चौकटीत बसवावयाचा म्हणजे त्याची धारच बोथट करावयाची, असे काही तरुण कार्यकर्त्यांना वाटते. महाराष्ट्राचाच इतिहास याचे उत्तर देतो. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले. संयुक्त महाराष्ट्र समितीने एस. एम. जोशी प्रभृतींच्या नेतृत्वाखाली त्यांच्या वाटेवर हजारोंची काळ्या निशाणांची निदर्शने केली. मुंबईतील गोळीबारांत शंभराहून अधिक माणसे मारली गेल्याला फार काळ लोटला नव्हता. मने धुमसत होती. तरीही निदर्शने शांततेत पार पडली. काळे निशाण खाली आले नाही आणि दगडही उचलला गेला नाही. त्या शिस्तीमुळे मागणी सौम्य झाली असे कोणी म्हणू शकणार नाही. उलट हुल्लडबाजीचा आरोप करून मागणीला टोलवून लावण्याची सोय मात्र राज्यकर्त्यांना उरली नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्यामागे अनेक बळे होती. जनतेने दाखविलेला संयम हे त्यांपैकी एक होते.

आजच्या काळात या प्रश्नाला नवे परिमाण आले आहे. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि उमेदवाराला ज्याचा चेहराही ठाऊक नाही असा समर्थक मोबाइलवरून त्याच्या नावाने शिवीगाळ करू शकतो. अमेरिकेतील समाजवादी नेते बर्नी सँडर्स यांना २०२० च्या उमेदवारीच्या लढतीत हाच त्रास झाला. आपल्या बहुसंख्य पाठीराख्यांची सभ्यता सांगून, गलिच्छ लिहिणाऱ्यांशी आपले नाते नाही, असे त्यांनी जाहीर वादसभेत बजावले. ते योग्यच होते. तथापि आपल्या समर्थकांची जबाबदारी प्रत्येक उमेदवाराची आहे, असे सांगून प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना सुटू दिले नाही. नाकारणे आवश्यक आहे, पण आधी घडविणे अधिक आवश्यक.

ते कसे घडवावे? निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेचा पाया १९६० साली केरळात घातला गेला. समर्थकांनी इतरांच्या सभा-मिरवणुकांत अडथळा आणू नये, घरमालकाच्या परवानगीवाचून त्याच्या भिंती वापरू नयेत आणि कोणाच्या घरापुढे निदर्शने करू नयेत, असे ती स्पष्टपणे सांगते. ती वकिलाच्या कपाटात न ठेवता प्रत्येक प्रभागात कार्यकर्त्यांसमोर वाचली जावी. प्रत्येक फेरीची आणि सभेची जबाबदारी एका नामनिर्देशित व्यक्तीवर असावी. आगळीक घडली तर ज्या घरी घडली त्याच घरी, ज्याने केली त्यालाच बरोबर घेऊन, दुसऱ्या दिवसाआधी क्षमा मागावी. म्हणजे बाहेर ढकललेला खर्च करणाऱ्याच्या खाती परत येईल. आणि व्यासपीठावरून कोणी घसरला, तर उमेदवाराने त्याच सभेत, त्याच ध्वनिक्षेपकावरून त्याला आवरावे. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील खुलासा सभेतल्या माणसापर्यंत पोहोचत नाही.

धनाढ्य पक्षाला समर्थकांच्या चुका झाकण्यासाठी जाहिराती विकत घेता येतात. ज्या पक्षाजवळ पैसा नाही, वाहिन्या नाहीत, कारखानदारांचा आश्रय नाही, त्याच्याजवळ कार्यकर्त्याचा शब्द आणि वागणूक हेच भांडवल असते. या भांडवलाची झीज ताळेबंदात दिसत नाही. ती दारोदार होत असते. निवडणूक संपल्यावर उमेदवार जिंको वा हरो, कार्यकर्त्याला राहावयाचे आहे त्याच आळीत, त्याच चाळीत, त्याच गावात. रेशनचा, पाण्याचा, मजुरीचा लढा त्याच शेजाऱ्यांना बरोबर घेऊन लढावयाचा आहे. विरोधात मत दिलेल्या शेजाऱ्यानेही दुसऱ्या दिवशी त्याला दारात उभे करावे, इतपत त्याचे प्रचारातले वागणे असले पाहिजे. पाच वर्षांनी पुन्हा मत मागावयास जाताना तेच दार ठोठवावे लागणार आहे.