छपाईपूर्वी चित्राची तयारी



महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशवीला पुन्हा बरे दिवस आले. शाळेचा पारितोषिक समारंभ असो, ग्रामपंचायतीचा कार्यक्रम असो वा सहकारी संस्थेची वार्षिक सभा असो, नाव व चित्र छापलेली पिशवी किंवा कप भेट देण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. ही कामे अनेक ठिकाणी महिलांचे बचत गट करतात. शिवण चोख असते, छापणाऱ्याचा हात बसलेला असतो. तरीही कधी चित्राच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात, तर कधी संस्थेच्या नावातील वेलांटीच हरवते. पाचशे पिशव्यांचा असा माल परत आला, तर गटाचा नफा जातोच, शिवाय कापडात घातलेले भांडवलही बुडते. कारण एका गावाचे नाव छापलेली पिशवी दुसऱ्या गावाला विकता येत नाही. हा दोष बहुधा छपाईचा नसतो. छापखान्याकडे जे चित्र पाठवले, त्यातच तो असतो.

तयार चित्रे वापरणे आपल्याकडे नवे नाही. खिळ्यांच्या छपाईच्या काळात छापखान्यांत गणपती, कलश, तोरण यांचे ब्लॉक ठेवलेले असत व लग्नपत्रिकेच्या माथ्यावर त्यांतलाच एखादा बसवला जाई. संगणकावरील क्लिपआर्ट हे त्या ब्लॉकचेच वारसदार होत. मात्र ब्लॉकचा आकार ठरलेला असे. पडद्यावरचे चित्र हवे तेवढे ताणता येते आणि फसगत होते ती तेथेच.

पडद्यावरील सर्वसाधारण चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. स्वच्छ छपाईसाठी एका इंचात सुमारे ३०० ठिपके असावेत, असा या व्यवसायातील संकेत आहे. म्हणजे ६०० ठिपके रुंदीचे चित्र कागदावर अवघे २ इंच, जेमतेम ५ सेंटिमीटर भरते. तेच पिशवीवर १० इंच रुंद हवे असेल, तर ३,००० ठिपके लागतात. संगणकात नुसता आकडा वाढवून हे साधत नाही, कारण मधले ठिपके यंत्र अंदाजाने भरते व चित्र धूसर होते. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून धाडलेले चित्र वाटेतच आकसते. डॉक्युमेंट म्हणून धाडल्यास ते मूळ रूपात पोहोचते. एवढे साधे पथ्य पाळले, तरी निम्म्या तक्रारी उद्भवणार नाहीत.

याहून उत्तम प्रकार व्हेक्टर चित्राचा. त्यात ठिपके नसून रेषांची मापे साठवलेली असतात. त्यामुळे तेच चित्र बिल्ल्यावर आणि फलकावर सारखेच रेखीव उमटते. जेपीजी चित्राला केवळ एसव्हीजी असे नाव दिल्याने मात्र ते व्हेक्टर होत नाही; त्याच्या रेषा नव्याने आखाव्या लागतात. जेपीजीचा आणखी एक दोष असा की, त्यात पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येत नाही. रंगीत कापडावर फुलाऐवजी पांढऱ्या चौकोनात बसवलेले फूल उमटते, ते यामुळेच. अशा कामाला पीएनजी घ्यावे.

वस्तूनुसार तयारी बदलते. वारली चित्राचेच उदाहरण पाहावे. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, हे त्याचे मूळ रूप. कपावर चित्र छापण्याची जी सब्लिमेशन पद्धत आहे, तिच्यात पांढरी शाई नसतेच. चित्रातील पांढरा भाग म्हणजे वस्तूचा स्वतःचा पांढरा रंग. म्हणून पांढऱ्या कपासाठी गेरूचा रंग चित्राच्या पार्श्वभूमीत भरावा लागतो आणि चित्र कागदावर उलटे छापावे लागते. ही शाई पॉलिस्टरमध्ये मुरते, सुती कापडात टिकत नाही. सुती पिशवीला स्क्रीन छपाईच योग्य. तेथे प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. म्हणून एकरंगी वारली आकृती दिसायला देखणी आणि खर्चालाही हलकी. तिच्या केसासारख्या रेषा मात्र आधी जाड करून घ्याव्यात, नाहीतर जाळीतून त्या तुटक उतरतात.

देवनागरी मजकुराची काळजी वेगळी. ज्या अक्षररूपात मजकूर जुळवला, ते छापखान्याच्या संगणकात नसेल तर रफार व वेलांट्या जागा सोडतात. मजकूर तपासून झाल्यावर अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर करूनच चित्र पाठवावे. मूळ प्रत वेगळी जपावी. रूपांतरानंतर चूक सुधारणे जिकिरीचे होते.

चित्र कोणाचे, हाही प्रश्न आहे. इंटरनेटवर दिसलेले चित्र फुकट असते, हा समज चुकीचा होय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये चित्रावरील हक्क सर्वसाधारणपणे चित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असे लिहिलेले चित्र विक्रीच्या वस्तूवर चालत नाही. राष्ट्रीय सणांच्या सुमारास तिरंगा छापलेल्या रुमालांची मागणी येते. रुमाल, उशा यांवर राष्ट्रध्वज छापण्यास कायद्याने मनाई आहे, हे शाळांनी मागणी देण्यापूर्वीच पाहावे. अशोकस्तंभाच्या राजमुद्रेच्या वापरावरही २००५ च्या कायद्याचे निर्बंध आहेत. वारली चित्रांबाबत तर सरळ मार्ग उपलब्ध आहे. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती ज्या परंपरेबद्दल, तिचे चित्रकार पालघर जिल्ह्यात आजही काम करीत आहेत. कोठून तरी उचललेल्या नकलेपेक्षा त्यांच्याकडून लेखी परवानगीने, मोबदला देऊन चित्र काढून घ्यावे व ती रक्कम अंदाजपत्रकात आधीच धरावी.

एवढे झाल्यावरही सगळा माल एकदम छापू नये. प्रथम एकच पिशवी छापावी, साबणाने धुऊन वाळवावी, मजकूर दोघांनी अक्षर अक्षर वाचावा. त्या नमुन्यावर मुख्याध्यापकांची किंवा सरपंचांची सही व तारीख घ्यावी. उरलेल्या पिशव्या त्यानंतर छापाव्यात.