सहजीवनातील औदार्य : जोतीराव आणि सावित्रीबाई

दांपत्यजीवनाच्या संदर्भात तडजोड आणि औदार्य हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु तडजोड म्हणजे कलह टळावा म्हणून दोघांनी थोडेथोडे मागे सरणे, तर औदार्य म्हणजे रूढीने हाती दिलेला हक्कसुद्धा जोडीदाराच्या मानासाठी आपण होऊन सोडणे होय. या दुसऱ्या अर्थाचा वस्तुपाठ जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या ५० वर्षांच्या संसारात आढळतो.

१८४० मध्ये त्यांचा विवाह झाला. स्त्रीने अक्षर गिरवणे हेच अशुभ मानले जाई, त्या काळात जोतीरावांनी पत्नीला शिकवले. आणि १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर तेथे शिकवण्यास जाताना सावित्रीबाईंनी अंगावर येणारे शेण आणि दगड सोसले. या कार्यापायी जोतीरावांच्या वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा दोघे बरोबरच बाहेर पडली.

खरी कसोटी पुढे लागली. या दांपत्यास अपत्य नव्हते, आणि अशा वेळी दोष पत्नीच्या माथी मारून पतीने दुसरे लग्न करावे, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. जोतीरावांनी ती नाकारली. पुढे १८७४ मध्ये या दोघांनी एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला दत्तक घेतले, म्हणजे पोटच्या मुलाचे सर्व अधिकार त्याला दिले, आणि त्याचे नाव यशवंत ठेवले.

हे देणे एकाच बाजूचे नव्हते. १८८८ मध्ये पक्षाघाताने जोतीरावांचे उजवे अंग लुळे पडले, तेव्हा सावित्रीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली आणि जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. १८९० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर अंत्ययात्रेपुढे धरायचे टिटवे, म्हणजे विस्तवाचे मडके, कोणी धरावे यावरून वाद उपस्थित झाला असता, सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतल्याचे चरित्रकार सांगतात. त्यानंतर जोतीरावांनी स्थापलेल्या सत्यशोधक समाजाचे कार्यही त्यांनी पुढे नेले.

आपल्या संसारातील हे तत्त्व जोतीरावांनी विवाहविधीतही आणले. भटजीवाचून लागणाऱ्या सत्यशोधक विवाहासाठी त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू मुकी राहत नाही. ती स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते देण्याची शपथ सर्वांसमक्ष घेतो.

घरोघरी त्यागाची अपेक्षा पत्नीकडूनच केली जाते आणि तिने तो केला की त्याला कर्तव्य म्हटले जाते. सक्तीने घेतलेल्या त्यागाला औदार्य म्हणता येत नाही. म्हणून ज्याच्या पदरात रूढीने अधिक घातले आहे, त्यानेच देण्यास आरंभ करणे न्याय्य ठरते. जोतीरावांनी तो आरंभ केला, आणि त्यांच्या मागे सावित्रीबाईंनी हाती घेतलेले टिटवे हे त्या देण्याला मिळालेले, न मागितलेले उत्तर होते.