वहीतील नोंद आणि संसारातील विश्वास
(व्याख्यानाचा मजकूर)



दापोडे परिसरात आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. आत आलेल्या प्रत्येक गाठोड्याची नोंद होते. पावतीवाचून माल हलत नाही. सख्ख्या भावांच्या भागीदारीचाही लेखी करार होतो आणि त्यामुळे भावाभावांत अविश्वास आहे, असे कोणी म्हणत नाही. मात्र सुनेने माहेराहून आणलेले सोने, पुढे तिने पेढीत घातलेली रक्कम, यांची एक ओळही बहुधा कोठे लिहिलेली नसते. धंद्याला ओढ लागते, दागिने गहाण पडतात. दुर्दैवाने पतीचे निधन झाले किंवा संसार मोडला, तर ते सोने कोणाचे, हे सांगणारा कागद घरात सापडत नाही.

विवाहापूर्वी आर्थिक करार करण्याची कल्पना अनेकांना परदेशी वाटते. वस्तुतः शेजारच्या गोव्यात ती दीडशे वर्षे रुजलेली आहे. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे 1870 पासून लागू झाली आणि 1961 च्या मुक्तीनंतरही तिचा कौटुंबिक भाग कायम राहिला. करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक होते व प्रत्येकाचा निम्मा वाटा मानला जातो. वेगळी व्यवस्था हवी असल्यास विवाहाआधीच अधिकृत दस्त करावा लागतो. विवाहानंतर तो बदलता येत नाही.

महाराष्ट्रात अशी तरतूद नाही. जैन विवाहांना 1955 चा हिंदू विवाह कायदा लागू आहे आणि त्यात विवाहपूर्व करारासाठी स्वतंत्र कलम नाही. सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 नुसार निरर्थक ठरतो. पत्नीकडून पोटगीचा हक्क सोडल्याचे लिहून घेतले, तरी न्यायालय त्याला बांधील राहत नाही. म्हणून मुद्रांकावर दोन सह्या झाल्या की सर्व सुरक्षित झाले, या भ्रमात राहू नये.

तथापि कायद्याने मान्य केलेले काही कागद निश्चित उपयोगी पडतात. पहिला, विवाहातील भेटींची यादी. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील 1985 च्या नियमांनुसार वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून वधू-वरांनी सही करावयाची असते. दुसरा, पतीने आयुर्विमा घेतानाच 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्याच्या कलम 6 चा लाभ घेणे. ती रक्कम पत्नी व अपत्यांसाठी विश्वस्त निधी मानली जाते. फसवणुकीचा हेतू नसल्यास पतीच्या धनकोंना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. भागीदारी पेढीचे कर्ज भागीदाराच्या घरापर्यंत पोहोचू शकते, हे जाणणाऱ्या व्यापाऱ्याला याचे मोल वेगळे सांगावयास नको. तिसरा, घराच्या खरेदीखतात दोघांची नावे. चौथा, स्पष्ट मृत्युपत्र. कारण बँकेतील नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे.

आणि स्त्रीधन? ते पत्नीचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात सांगितले. 2024 मध्येही न्यायालयाने हेच अधोरेखित केले: संकटकाळी पतीने ते वापरले, तरी ते किंवा त्याचे मूल्य परत करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे. मग दागिने गहाण ठेवताना पेढीच्या वहीत "सुनेच्या खाती जमा" अशी एक नोंद करण्यात संकोच कसला? ती रक्कम उद्या फेडता येईल. न लिहिलेले ऋण मात्र फेडणाराच विसरतो.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, शुभकार्यात कागद कशाला? त्यांची भावना समजण्यासारखी आहे. परंतु न दिलेले घेऊ नये, हे अचौर्य अणुव्रत सांगते. आणि दिलेले किती, घेतलेले किती, हे ठाऊक असल्याशिवाय ते पाळावयाचे कसे? परिग्रह-परिमाण व्रतातही आधी स्वतःजवळ काय आहे याची मोजदाद करावी लागते. दुसऱ्याचे सोने स्वतःच्या परिमाणात धरणे, ही मोजदादीतलीच चूक होय.

सोयरीक ठरताना मांडव, पंगत, पत्रिका यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्याच बैठकीत अर्धा तास या यादीसाठी राखून ठेवावा. ती लिहिताना दोन्ही घरची माणसे हसतमुखाने समोरासमोर बसलेली असतात. ती न लिहिल्यास तीच माणसे पुढे न्यायालयात समोरासमोर उभी राहण्याची वेळ येते.

जय जिनेंद्र.