निर्वासित मुलांच्या शाळेतले स्वयंसेवक

निर्वासित मुलांच्या शाळेत पाटी-पुस्तकाच्या आधी औषधपाणी, उबदार कपडे आणि पोटभर जेवण यांची सोय करावी लागते. हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे तिबेटी मुलांसाठी जी शाळा उभी राहिली, तिची सुरुवात अशीच झाली. मार्च १९५९ मध्ये दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी हिमालय ओलांडून भारतात आले. त्यांतल्या अनेकांना डोंगराळ भागात रस्ते बांधण्याच्या कामावर मजुरी मिळाली. आईबाप दिवसभर खडी फोडत आणि मुले रस्त्याकडेच्या तंबूंत राहत. थंड, कोरड्या हवेत वाढलेल्या या मुलांना इथला उन्हाळा आणि पाऊस सोसला नाही. अपुरे अन्न आणि आजार यांमुळे बरीच मुले दगावली.

१७ मे १९६० रोजी जम्मूकडच्या या छावण्यांतून ५१ मुले धरमशालेला आणण्यात आली. त्यांचा सांभाळ करायला दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा स्वतःहून पुढे आल्या. या शाळेच्या इतिहासातल्या त्या पहिल्या स्वयंसेविका. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ती जबाबदारी घेतली. चार दशकांहून अधिक काळ त्यांनी ती सांभाळली. या मुलांसाठी सुरू झालेल्या पाळणाघराचे पुढे ‘तिबेटी बालग्राम’ झाले आणि लडाख, कर्नाटकातील बैलकुप्पे अशा ठिकाणी त्याच्या शाखा निघाल्या.

बाहेरून मदतीला आलेल्यांत वान्दा दिनोव्स्का या पोलिश विदुषी होत्या. १९३५ मध्ये त्या भारतात आल्या आणि उमादेवी या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धात भारतात आश्रयाला आलेल्या आपल्या देशबांधवांसाठी त्यांनी काम केले आणि १९६० नंतर तिबेटी निर्वासितांच्या, विशेषतः मुलांच्या, सेवेला वाहून घेतले. त्या पोलिश निर्वासितांची एक मोठी वसाहत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार माणसे राहिली आणि त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. वळिवड्याच्या शाळांत पोलिश भाषेतून शिकवले जाई आणि शिकवणारे बहुतेक निर्वासितांपैकीच असत. धरमशालेतही शाळेचा कणा तिबेटी शिक्षकच आहेत, आणि त्यांतले कित्येक याच शाळेत वाढलेले आहेत. स्वयंसेवकाची जागा त्यांच्या शेजारी, त्यांच्या मदतीला असते.

बालग्रामात मुले घरांत राहतात. एका घरात लहानमोठी पंचवीस-तीस मुले आणि त्यांना सांभाळणारी एक माता असते. मुले तिला ‘अमाला’ म्हणतात. मोठी मुले धाकट्यांची वेणीफणी करतात, अंथरुणे घालायला, भांडी घासायला हात लावतात. ‘आधी इतर, मग आपण’ हे शाळेचे ब्रीद या रोजच्या कामांतून अंगी बाणते. शाळेत तिबेटी, इंग्रजी आणि हिंदी या तिन्ही भाषा शिकाव्या लागतात. तिबेटीत आपली संस्कृती आहे, इंग्रजीवाचून पुढचे शिक्षण अडते आणि हिंदीवाचून बाजारात व्यवहार होत नाही. वरच्या वर्गांत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षा द्याव्या लागतात. नव्याने दाखल झालेल्या मुलाचे वय बारा असले, तरी अक्षरओळख पहिलीची असू शकते. असे मूल गर्दीच्या वर्गात मागे पडते. त्याच्याजवळ बसून शिकवायला जो वेळ लागतो, तो नेमका स्वयंसेवक देऊ शकतो.

हे काम कसे चालते, ते इंग्रजी संभाषणाच्या तासाला दिसते. तिबेटी भाषेत इंग्रजी ‘एफ’चा उच्चार नाही, त्यामुळे ‘फिश’चे ‘पिश’ होते. शिक्षिका आरसा हाती देते, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायला सांगते आणि मुले आळीपाळीने आरशात पाहून तो उच्चार करतात. शब्दाच्या शेवटचा ‘स’ही मुले गिळतात, म्हणून अनेकवचनांचा वेगळा सराव लागतो. मराठी माणसाला इथे एक सोय आहे. तिबेटी वर्णमाला भारतीय लिप्यांच्या धर्तीवर बांधलेली असल्यामुळे तिचा क्रम क, ख, ग, ङ असाच सुरू होतो. आठवडाभरात ती अक्षरे ओळखता येतात, आणि गुरुजीही आपल्यासारखेच नवी लिपी गिरवत आहेत हे पाहून मुलांची भीड चेपते.

याखेरीज ग्रंथालयात गोष्टी वाचून दाखवणे, संध्याकाळी गृहपाठ करून घेणे, विज्ञानाचे साधे प्रयोग दाखवणे, खेळ घेणे अशी कामे असतात. प्रौढ निर्वासितांसाठी धरमशालेतल्याच मॅक्लिऑडगंजमध्ये संध्याकाळचे संभाषण-वर्ग चालतात. थोड्या मुदतीसाठी येणाऱ्यांना तेच अधिक सोयीचे पडतात.

मुलांशी वागण्याचे काही नियम मात्र कसोशीने पाळावे लागतात. २००८ पर्यंत दरवर्षी पुष्कळ मुले आईवडिलांना मागे ठेवून सीमा ओलांडून येत. पुढे ही संख्या फार घटली. अशा मुलाला ‘घरी कोण असतं?’ असा सहज प्रश्न विचारला, तरी जखम उघडी पडते. त्याला आपणहून बोलावेसे वाटले तर ऐकावे, पण खोदून विचारू नये. गप्प बसणारे, दार आपटले की दचकणारे मूल हट्टी असते असे नाही. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि तोच चेहरा यांनीच ते हळूहळू सावरते. मुलांची छायाचित्रे परवानगीवाचून काढू नयेत. ती सर्वत्र पसरली, तर मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्रास होऊ शकतो. एखाद्याच मुलाला भेटवस्तू देणेही टाळावे.

यामुळेच मुदतीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आधीच ताटातूट सोसलेल्या मुलाला दर पंधरा दिवसांनी नवा माणूस लळा लावून निघून गेला, तर पुन्हा तोच घाव बसतो. म्हणून निदान एक सत्र थांबू शकणाऱ्यानेच वर्ग घ्यावा. ज्याला तेवढी सवड नाही, त्याने शिक्षकांना शैक्षणिक साहित्य करून द्यावे, ग्रंथालयाची नोंदवही लावून द्यावी किंवा एखाद्या मुलाच्या शिक्षणखर्चाला नियमित हातभार लावावा. शाळेनेही स्वयंसेवकाची ओळखपत्रे आणि पूर्वीच्या कामाची चौकशी केल्याशिवाय त्याला मुलांमध्ये सोडू नये आणि कोणत्याही मुलासोबत त्याला एकांतात ठेवू नये.

जाणाऱ्या स्वयंसेवकाने प्रत्येक मुलाची एक नोंद शिक्षकांच्या हाती द्यावी. पाठ कुठवर आला, कोणता उच्चार अडतो, कोणत्या गोष्टीत मूल रमते, एवढे त्यात असावे. निघण्याची तारीख मुलांना आधीच सांगावी आणि पाळता येणार नाही असे वचन देऊ नये. अशी नोंद हाती असली, की पुढच्या शिक्षकाला शिकवणे जिथे थांबले तिथून सुरू करता येते आणि मुलाचे वर्ष वाया जात नाही.