पांडवांचे लेणे की बलकाचे?



आपल्या कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याचे लेणे आहे. अशा लेण्यांविषयी एक ठरावीक गोष्ट सांगतात. वनवासात पांडव आले, एका रात्रीत डोंगर कोरू लागले, कोंबडा आरवला आणि काम अर्धे राहिले. खालापूर-खोपोलीची माणसे बोरघाट चढून कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला जातात. ते देऊळही पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे म्हणतात.

कोंढाण्याचा दगड मात्र वेगळे सांगतो. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात डावीकडे एका भग्न मूर्तीचे मस्तक आहे. त्याच्याजवळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एक ओळ ब्राह्मीत कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच तिचा अर्थ. त्यात राजा नाही, देव नाही; एक गुरू आणि त्याचा शिष्य आहे.

ही दंतकथा कोणी लबाडीने रचली, असे मी म्हणणार नाही. भिक्खू गेले, ब्राह्मी वाचणारा कोणी उरला नाही. कोरलेला डोंगर तर समोर दिसतो! लोकांना त्याचा कर्ता हवा होता, तोही बलवान आणि ओळखीचा. तो महाभारताने दिला. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी उलगडली, तेव्हा कुठे दगड पुन्हा बोलू लागला.

नाशिकच्या लेण्यांनाही लोक पांडवलेणीच म्हणतात. मी बँकेतला कारकून. तेथील उषवदाताचा लेख मला फार जवळचा वाटतो. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापणे ठेवली, व्याज दरमहा शेकडा १. वर्षाचे झाले २४०. त्यातून २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो! मुद्दलाला हात लावायचा नाही, हीही अट आहे. एका रात्रीच्या गोष्टीत हे विणकर कुठे आहेत? गोष्ट गोड खरी, पण तिच्याखाली राबणारे झाकले गेले.

हाच निकष आपण स्वतःलाही लावला पाहिजे. वृद्ध, रोगी आणि प्रेत प्रथमच पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धचरित्रात नाकारली. २९ वर्षांच्या माणसाने हे आधी पाहिलेच नसेल, हे त्यांना पटले नाही. शाक्य आणि कोलिय यांचा रोहिणीच्या पाण्यावरचा तंटा त्यांनी पुढे मांडला. आपल्याच घरची कथा तपासायला धैर्य लागते. म्हणून पुराव्यावाचून प्रत्येक जुन्या दगडावर आपण हक्क सांगू नये. तसे केले तर एका दंतकथेच्या जागी दुसरी येईल, इतकेच.

मुलांना कोंढाण्याला जरूर न्या. पांडवांची गोष्टही सांगा, ती आपल्या आजी-पणजीची आहे. पण त्यानंतर ती ओळ दाखवा आणि बलकाचे नाव मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या.