दोन व्हॉल्व्हमधला बांध



शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला बांध कोरणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. दरवर्षी नांगराचं एक तास बांधाच्या अंगावर घालायचं. तेवढ्यानं पीक काही वाढत नाही, पण बांध बारीक होत जातो आणि एखाद्या मोठ्या पावसात फुटतो. मोटारीच्या इंजिनाच्या हेडमध्येही असाच एक बांध असतो. एका सिलिंडरचा हवा आत घेणारा व्हॉल्व्ह आणि धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या दोन सीटांमध्ये, म्हणजे ते टेकतात त्या कडांमध्ये, बिडाची जी अरुंद पट्टी उरते, तिच्याबद्दल मी आज बोलणार आहे. वेगासाठी सुधारलेल्या इंजिनाला नवे व्हॉल्व्ह निवडताना या पट्टीचा विचार सगळ्यांत आधी करायला हवा, आणि बहुतेक वेळा तो सगळ्यांत शेवटी होतो.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या एका लहान वर्कशॉपात मी काही वर्षं हेडचंच काम केलं. येणारी बहुतेक हेडं मिनी गाडीची असत. या गाडीचं ए-सिरीज इंजिन १९५१ साली ऑस्टिन ए-३० या गाडीत पहिल्यांदा बसलं, तेव्हा ते अवघं ८०३ सीसीचं होतं. वाढत वाढत ते १२७५ सीसीपर्यंत गेलं आणि मिनीत थेट २००० सालापर्यंत चाललं. आपल्या ॲम्बॅसडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं, त्याचा थोरला भाऊ म्हणा. १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वर्षं मिनी कूपर एस या छोट्या गाडीनं माँटे कार्लोची रॅली जिंकली. तेव्हापासून हे इंजिन आणखी जोरात पळवायची हौस जगभर पसरली, ती अजून ओसरलेली नाही.

आता मापं पाहू. साध्या १२७५ इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह, म्हणजे इनलेट, ३३.२ मिलिमीटरचा असतो आणि बाहेर सोडणारा, म्हणजे एक्झॉस्ट, २९.४ मिलिमीटरचा. सुरुवातीच्या कूपर एसला कारखान्यानंच ३५.६ आणि ३०.८ मिलिमीटरचे व्हॉल्व्ह दिले होते. ही मोठी जोडी आजही विकत मिळते, आणि कारखान्यानं घातली होती म्हटल्यावर कुणाचाही तिच्यावर विश्वास बसतो. माझाही बसला. एका गृहस्थांच्या साध्या १२७५ च्या हेडमध्ये मी सीटा कापून हीच मोठी जोडी बसवली. एका हंगामानंतर ते हेड माझ्या टेबलावर परत आलं. मधल्या दोन सिलिंडरांच्या सीटांमध्ये केसाएवढी चीर गेली होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं.

हिशेब मांडला तेव्हा चूक दिसली. व्हॉल्व्हचे मध्य जागचे हलत नाहीत. इनलेट मोठा केला तर त्याची कड बांधाच्या बाजूला १.२ मिलिमीटर सरकते, एक्झॉस्टची ०.७. म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून जवळजवळ २ मिलिमीटर बांध मी कोरला होता. त्यात या इंजिनाची रचना अशी, की दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा धूर एकाच मधल्या पोर्टातून बाहेर जातो. चार सिलिंडर आणि धुराची दारं तीनच. मधल्या दाराच्या आजूबाजूचं बीड सगळ्यांत जास्त तापतं. एका अंगाला लाल झालेला एक्झॉस्ट, दुसऱ्या अंगाला गार हवेनं थंडावलेला इनलेट, आणि त्यांच्या मध्ये ती पट्टी दर मैलाला ताणली जाते, आकसते. कारखान्याच्या त्या मूळ कूपर एसच्या हेडांनाही याच जागी चिरा जात. पुढे कारखान्यानंही इनलेट मोठा ठेवला आणि एक्झॉस्ट लहान केला. ज्या हेडवर १२ जी ९४० असा आकडा ओतलेला असतो, त्या ओतकामाच्या कूपर एस हेडमध्ये ३५.६ च्या शेजारी २९.४ ची जोडी आली. एक्झॉस्ट लहान चालतो, कारण तिथे वायू स्वतःच्या दाबानं बाहेर धावतो आणि मागून पिस्टन ढकलतो. इनलेटला मात्र हवा नुसती ओढून घ्यायची असते, म्हणून मोठं दार त्याला हवं.

पण इनलेटलासुद्धा किती मोठं? कागदावर ३३.२ चा ३५.६ केला की क्षेत्रफळ सुमारे १५ टक्के वाढतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. व्हॉल्व्ह मात्र पूर्ण गायब होत नाही, सीटेपासून थोडा उचलला जातो, आणि हवा त्याच्या कडेभोवतीच्या फटीतून जाते. व्हॉल्व्ह आपल्या व्यासाच्या एक चतुर्थांश उचलला, की ती फट भोकाच्या क्षेत्रफळाएवढी होते. ३५.६ ला त्यासाठी ८.९ मिलिमीटर उचल लागते. व्हॉल्व्ह उघडणारा साधा कॅम ८ मिलिमीटरच्या आसपास उचलतो. तेव्हा साध्या कॅमवर मोठ्या व्हॉल्व्हचा खरा फायदा १५ टक्के नसतो, फट व्यासाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ७ टक्के. कॅम बदलायचा नसेल, तर तोच खर्च सीटेच्या खालचा गळा नीट घडवण्यावर आणि सीटेला तीन कोनांचा काप देण्यावर करावा, असं माझं ठाम मत आहे.

इंजिन लहान असेल तर आणखी एक अडचण. ९९८ सीसीच्या मिनीवर १२७५ चं हेड चढवणारे पुष्कळ असतात. सिलिंडरचं भोक लहान असल्यानं एक्झॉस्ट उघडताना ब्लॉकच्या कडेवर आपटतो. तिथे ब्लॉकला खाच घ्यावी लागते. न मोजता हेड बसवलं, तर इंजिनाच्या पहिल्याच फेऱ्यात व्हॉल्व्ह वाकतो.

आता धातू. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं ७०० अंश सेल्सिअसच्याही वर तापतं. ही उष्णता जायला वाटा दोनच आहेत. मोठा हिस्सा व्हॉल्व्ह बंद असताना सीटेतून हेडमध्ये आणि पुढे पाण्यात जातो, उरलेला दांड्यातून गाईडमध्ये, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यात. म्हणून एक्झॉस्टची सीट फार बारीक करू नये. हवा सरळ जावी म्हणून सीट घासून अगदी रेघेसारखी केलेली हेडं मी पाहिली आहेत. अशा व्हॉल्व्हला थंड व्हायला जागाच उरत नाही आणि तो कडेनं जळतो. इनलेटला १ मिलिमीटर पुरे, एक्झॉस्टला निदान दीड ठेवावी. डोक्याची कडही पातळ नसावी. पातळ कड लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवते.

इनलेटला क्रोमियम-सिलिकॉनचं पोलाद चालतं. एक्झॉस्टला ज्याला २१-४ एन म्हणतात ते हवं, म्हणजे २१ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल आणि थोडा नायट्रोजन. साधं लोहचुंबक जवळ ठेवा. पहिल्या पोलादाला ते चिकटतं, २१-४ एनला चिकटत नाही. कधी कधी डोक्याला चिकटत नाही आणि दांड्याला चिकटतं. म्हणजे दोन तुकडे जोडून व्हॉल्व्ह केलेला आहे. हे वाईट नाही, कारण गाईडमध्ये झीज सोसायला तो दांडा चांगला असतो. पण जोड कुठे आहे ते पाहावं. जोड गाईडच्या आत राहिला पाहिजे. तो खाली, धुराच्या वाटेत येत असेल, तर तो व्हॉल्व्ह शर्यतीच्या गाडीत घालू नये.

याच्या वरची पायरी निमॉनिकची. हा निकेलचा मिश्रधातू १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये व्हिटल यांच्या जेट इंजिनाच्या पात्यांसाठी तयार झाला आणि पुढे मोटारीच्या एक्झॉस्टलाही वापरात आला. पोकळ दांड्यात सोडियम भरलेले व्हॉल्व्ह त्याहून जुने. सोडियम ९८ अंशांना वितळतं, दांड्यात वरखाली हिंदकळतं आणि डोक्याची आग गाईडपर्यंत वाहून नेतं. सॅम हेरन यांनी १९२० च्या दशकात ही युक्ती विमानाच्या इंजिनासाठी यशस्वी केली. टायटॅनियम हलकं असतं, पण रस्त्यावरच्या गाडीला त्याची गरज नाही.

हलकेपणाची गरज मात्र खरी आहे. मिनिटाला ७००० फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५८ वेळा उघडतो आणि मिटतो. जड व्हॉल्व्हला कडक स्प्रिंग लागते, आणि कडक स्प्रिंग कॅम खाते.

शिसं घातलेलं पेट्रोल ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे दोन्हीकडे २००० सालच्या सुरुवातीला बंद झालं. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये गादीसारखा बसत असे. तो गेल्यावर बिडाची सीट एक्झॉस्टखाली खचू लागली. उपाय म्हणजे कडक धातूची वेगळी सीट ठोकून बसवायची. पण ती कडी व्हॉल्व्हपेक्षा रुंद असते, म्हणजे पुन्हा बांधच कोरला जातो. म्हणून चारही एक्झॉस्टना कडी घालावी आणि इनलेट बिडातच ठेवावेत. एक्झॉस्ट २९.४ चा ठेवला, तरच ती कडी सुखानं बसते.

त्या गृहस्थांना मी सगळं सांगितलं. चीर माझ्या कामाची होती, म्हणून नवं हेड मी माझ्या पैशानं आणलं. त्यात ३५.६ आणि २९.४ ची जोडी घातली, एक्झॉस्टला २१-४ एन आणि कांस्याचे गाईड, कारण कांसं उष्णता लवकर ओढतं. निळा रंग लावून प्रत्येक सीट तपासली, वर्तुळ अखंड उमटेपर्यंत. मग प्लग लावून हेड टेबलावर उलटं ठेवलं आणि चारही खोलगट भागांत रॉकेल भरून घरी गेलो. सकाळी टॉर्च घेऊन धुराची तीन आणि हवेची दोन अशा पाचही पोर्टांत पाहिलं. पाचही कोरडी होती.