सत्तेचाळीस म्हणजे चाळीस आणि सात

रोवणी आटोपली, बांध्यांत पाणी आहे आणि शाळांच्या पहिल्या चाचण्या तोंडावर आल्या आहेत. म्हणून आज आम्ही गणिताबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका, कुणाला पाढे म्हणायला लावणार नाही.

"आमच्या घराण्यातच कुणाला गणित येत नाही," हे वाक्य गटाच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. ते बोलणारी बाई त्याच बैठकीत सांगते की पाच हजारांच्या कर्जावर शेकडा दोन रुपयांनी महिन्याचं व्याज शंभर झालं. बोटंही मोजत नाही. तेंदूच्या हंगामात तिची पोरगी ७० पानांचं पुडकं पटापट बांधते, एक पान इकडचं तिकडे होत नाही. तीच पोरगी शाळेत फळ्यासमोर उभी राहिली की गप्प होते.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २०२५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या चौदाशेहून जास्त मुलांना त्यात तपासलं होतं. गिऱ्हाइकाला वजनाचा भाव आणि परत द्यायचे पैसे ही मुलं झटक्यात सांगत, पण तसाच हिशेब वहीतल्या गणितासारखा मांडला की अडत. शाळेत शिकणाऱ्या मुलांचं उलट होतं. त्यांना वहीतलं जमे, बाजारातलं जमत नसे. म्हणजे डोकं दोघांकडेही आहे. घरचं गणित आणि शाळेचं गणित यांच्यामध्ये बांध घातलेला आहे, आणि तो ओलांडायला मुलांना कुणी हात देत नाही.

त्यातून आपल्या मराठी आकड्यांची एक गंमत आहे. मूल कानानं 'त्रेचाळीस' ऐकतं. आधी काय ऐकू आलं? तीन. म्हणून ते आधी ३ लिहितं, मग ४, आणि झाले ३४. एकोणतीस तर त्याहून अवघड. बोलायचं तीस, लिहायचा २ आणि ९. सातही दरवेळी नवं लुगडं नेसून येतो: सत्तावीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट, सत्त्याहत्तर. ज्या घरात झाडीबोली, हिंदी किंवा गोंडी बोलतात, तिथल्या लेकरासाठी ही जोडाक्षरं आणखी परकी.

आठवत असेल, २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून मोठा गदारोळ झाला होता. त्यात एकवीसबरोबर 'वीस एक', बावीसबरोबर 'वीस दोन' असं वाचन दिलं होतं. मराठी बुडाली असं लोक म्हणाले, विधानसभेतही विनोद झाले. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, लहान मुलांना सोपं जावं म्हणून ही दुसरी वाट आहे. कानडी, तेलुगू आणि इंग्रजीतही मोठे आकडे दशक आधी घेऊनच बोलतात. नारळीकरबाई २०२३ मध्ये गेल्या. आम्हाला त्यांचं म्हणणं पटतं. घरी तर वाद घालायची गरजच नाही. मूल अडलं की म्हणायचं, "चाळीस आणि सात, म्हणजे सत्तेचाळीस." दोन्ही एका दमात. भाषा कुठं पळून जात नाही.

आता मोबाईल. बऱ्याच आयांची तक्रार असते की पोरगा अभ्यासाला बसवला की दहा मिनिटांत गेममध्ये असतो. जरा त्याच्या जागी बसून बघा. गेममध्ये हरला तर कुणी हसत नाही, लगेच नवा डाव. जिंकला तर लगेच शाबासकी. वर्गात एक उत्तर चुकलं की चाळीस पोरं मागे वळून बघतात. कुणीही पळेल तिकडेच. म्हणून नुसता मोबाईल हिसकावून भागत नाही. गणिताची भीती तशीच राहिली तर पोरगं दुसरीकडे पळेल.

खेळणारं प्रत्येक मूल व्यसनी नसतं, हेही लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमच्या विकाराची नोंद आजारांच्या यादीत केली आहे, पण त्याची खूण कडक आहे. खेळावरचा ताबा सुटणं, जेवण-झोप-शाळा सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. असं दिसलं तर बाबा-बुवाकडे जाऊ नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, फोनवर मराठीत बोलता येतं.

पैसे लावून खेळायचे गेम ही मात्र वेगळीच गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून त्यांवर बंदी घातली. शिक्षा गेम चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून मुलानं खात्यातले पैसे घालवले तर लाजेनं लपवू नका. फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे दूर.

अभ्यासात मदतीचंही सांगतो. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. ज्या आईबापांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे गृहपाठाला सारखे जवळ बसत, त्यांची मुलं वर्षभरात कमी शिकली आणि जास्त घाबरली. तेच आईबाप फारसे मध्ये पडत नव्हते, तिथं असं झालं नाही. भीती हाताळायला नको तिथं हात घालून पसरते, असं समजा. वहीतलं आपल्याला येत नसेल तर वहीजवळ बसून कपाळावर आठ्या आणायचं कारण नाही. आपल्याला येतं ते द्यावं.

गटाच्या पुढच्या बैठकीला सहावी-सातवीतल्या एकेका मुलीला सोबत आणा. दहा जणींचे शंभर-शंभर रुपये, बारा महिने, किती झाले ते तिला मोठ्यानं सांगू द्या. मग तेच तिच्याकडून कागदावर मांडून घ्या: १० गुणिले १०० गुणिले १२. चुकली तर कुणी हसायचं नाही, एवढा एकच नियम. धानाचे पैसे खात्यात आले की पासबुक वाचायलाही तिलाच बसवा.